पायलटचा कप आणि नवव्या मजल्याचा स्लॅब

त्या क्रेनच्या केबिनपर्यंत पोचायला एकशे शहाऐंशी पायऱ्या आहेत. जिन्याच्या नव्हेत, उभ्या लोखंडी शिडीच्या. तुमच्याआमच्यासारख्याचे पाय चाळिसाव्या पायरीलाच लटपटतील, आणि चुकून खाली नजर गेली की मग संपलंच. पण ही बाई रोज सकाळी सहाला, पाठीला पिशवी आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट अशी, भाजी आणायला निघाल्यासारखी वर चढते. वर गेली की आधी केबिनच्या काचा पुसते, खुर्ची पुढेमागे करते, दोन दांड्यांवर दोन हात ठेवते, आणि मग खाली साइटला जाग येते. तिच्या हुकाशिवाय तिथे सळईसुद्धा वर जात नाही.

साइटवर तिला सगळे ‘पायलट’ म्हणतात. हे नाव पडलं टिंगलीतून. सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा शिडीपाशी उभी राहिली तेव्हा गवंड्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या होत्या, “आल्या बघा पायलट!” दोन महिन्यांत टिंगल जिरली, नाव तेवढं चिकटलं. दोन टनांची काँक्रीटने भरलेली बादली वरून सोडायची आणि स्लॅबपासून हातभर अंतरावर अशी थांबवायची की खालच्या माणसाला वाराही लागू नये, हे काम येरागबाळ्याचं नाही. ती त्याआधी चार वर्षं माल नेणाऱ्या लिफ्टवर होती. जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन क्रेनने किती अंतरावर किती वजन उचलायचं याचे तक्ते पाठ करायची. परीक्षा दिली, पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास झाली. ती खुर्ची तिला कुणी आंदण दिलेली नव्हती.

पण इतक्या चांगल्या नावाला एक बट्टा होता. तिचं पोट. दर महिन्याला एक-दोन दिवस पायलटचं पोट बिघडायचं आणि ती रजा टाकायची. खालून इशारे देणारे, हुकाला माल बांधणारे रिगर म्हणजे साठीला टेकलेले मामा. वॉकीटॉकीवर तेच तिचे डोळे. ते नेहमी म्हणायचे, “पायलट, घरी स्वयंपाक कोण करतं गं? त्या माणसाला आधी बदल!” ती हसून सोडून द्यायची.

आता तुम्ही ओळखलंच असेल. पोटाला काही धाड भरलेली नव्हती. तिला पाळीत रक्त फार जायचं. दुसऱ्या दिवशी तर दोन तासांत पॅड भिजून चिंब. आणि पंचेचाळीस मीटर उंचीवर, चारी बाजूंनी काच असलेल्या खोक्यात, बदलणार कुठे? खाली उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा, आणि खाली उतरून तरी काय? संडासाच्या दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा खुर्चीला डाग पडला. तिने पिण्याचं पाणी ओतून, स्वतःच्या रुमालाने तो घासघासून काढला आणि दिवसभर तहानेने व्याकूळ झाली. त्या दिवसापासून कानाला खडा. पोट बिघडलं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, म्हणून पोट.

तर असं सगळं चाललेलं असताना एका पंधरा तारखेला साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे त्या साइटचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण घड्याळाला बांधलेला.

“पायलटबाई, पुढच्या महिन्यात बावीस तारखेला नवव्या मजल्याचा स्लॅब. सगळ्यात मोठा. साडेपाच तास बादलीमागून बादली. मध्ये खंड पडला की जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा राहतो आणि जन्मभर तिथून पाणी गळतं. त्या दिवशी तुमचं ते पोटबिट चालायचं नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा ऑपरेटर मागवतो.”

“एका दिवसासाठी?”

“एका दिवसासाठी कोण येतंय? आला की तोच राहणार. तुम्हाला खाली स्टोअरला घेऊ, सावलीत काम, तब्येतीलाही बरं.”

“मी बसते साहेब,” पायलट म्हणाली. बाहेर आली आणि मग बोटांवर मोजलं. तिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी, घड्याळ लावून घ्यावं अशी. या महिन्यात चोवीसला, पुढच्या महिन्यात एकवीसला. म्हणजे बावीस तारीख हा नेमका दुसरा दिवस. लघवी साडेपाच तास दाबता येते हो, हे कसं दाबणार?

घरी समोरच्याच दारात तिची मोठी नणंद राहते. वन्सं. या वन्सं एका रबराच्या कारखान्यात तपासनीस आहेत. कुकरची रिंग, बाटलीचं बूच, औषधाच्या ड्रॉपरचा फुगा, असला रबराचा आणि सिलिकॉनचा माल दिवसभर त्यांच्या टेबलावर येतो आणि त्या तो पिळतात, ताणतात, उजेडात धरतात, हुंगतात. खराब निघाला की लाल डब्यात. पंचवीस वर्षं हेच. घरी भाजीवालीकडचा टोमॅटोसुद्धा त्या आधी पिळून बघतात, त्यावरून भांडणं होतात.

पायलटने त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. “वन्सं, मी स्टोअरमध्ये बसून खिळे वाटणार का हो आता?”

“रडतेस काय? कप वापर.”

“कसला कप?”

“पाळीचा. सिलिकॉनचा असतो, घडी करून आत घालायचा, आत जाऊन उघडतो, रक्त त्यात साठतं. आमच्याकडच्या दोघीतिघी वापरतात.”

“आत?”

“मग काय कानाला लावायचा?”

“आणि आत हरवला तर?”

“हरवून जाईल कुठे? पलीकडे काय बोगदा काढलाय?”

पायलटला हसू फुटलं, पण भीती गेली नाही. “तुम्ही वापरलाय कधी?”

“माझं दुकान पाच वर्षांपूर्वीच बंद झालं. पण सिलिकॉनबद्दल मला विचार,” वन्सं ऐटीत म्हणाल्या. इथेच खरं तर पायलटने सावध व्हायला हवं होतं. एकीला मालाची माहिती, दुसरीला वजनाची, आणि ज्या शरीरात तो कप जायचा त्याची माहिती दोघींनाही नाही. अशा दोघी रविवारी खरेदीला निघाल्या.

रस्त्यात एका ठेल्यावर कप मिळाला. गुलाबी, चमकी घातलेला, खोक्यावर फुलांचं चित्र. किंमत ऐकून पायलटने पिशवीत हात घातलासुद्धा. वन्संनी तो हात तिथेच धरला. खोकं उलटंपालटं केलं. कुणी बनवला ते नाही, कशाचा बनवला ते नाही. कप नाकाशी नेला तर टायरचा वास. उलटा करून काठाखालून अंगठा फिरवला तर साच्याच्या जोडाची कड अशी बोचरी की नखाला लागावी.

“बाई, तो वास एकदा धुतला की जातो,” ठेलेवाला म्हणाला.

“तूच धू आणि तूच वापर,” वन्संनी कप परत ठेवला आणि चालू पडल्या. ठेलेवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग औषधाच्या दुकानात. तिथल्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता होता, माल वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असल्याचं लिहिलं होतं, तुकडीचा क्रमांक होता, आत घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. वन्संनी कप पिळला, ताणला, हुंगला. वास काही नाही, कड गुळगुळीत, काठाखालची बारीक भोकं मोकळी. “पास,” त्या म्हणाल्या. मग पायलटला बाजूला घेऊन हळू आवाजात, “हे बघ, पिळून आणि हुंगून वाईट माल पकडता येतो. चांगला माल नुसत्या हाताला कळत नाही, त्याला कागदच लागतो. म्हणून मी कागद बघितला.” दुकानदाराने खोकं आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत गुंडाळायला घेतलं तेव्हा वन्संनी विचारलं, “बॉम्ब घेतलाय का आम्ही?”

आकार तीन होते. पायलट क्षणभरही घुटमळली नाही. “सगळ्यात मोठा द्या.”

“मोठा का गं?”

“वन्सं, मोठी बादली, कमी फेऱ्या. साधा हिशोब आहे.”

वन्संना ते पटलं. शिवाय त्यांनी स्वतःची अक्कल पुढे केली, “आणि यातला कडक घे. रिंग जेवढी कडक तेवढी गळती कमी.” झालं! क्रेन चालवणारीने कपाला बादली समजलं आणि रबर तपासणारीने पायलटला कुकर.

चोवीस तारखेला पाळी आली. पायलटची रजा होतीच. कप पातेल्यात उकळला, हात साबणाने धुतले, माहितीपत्रक न्हाणीघराच्या खिडकीत टेकवलं. घडी केलेला कप तीनदा हातातून निसटला. एकदा तर नळावर आपटून थेट बादलीत पडला. तो पुन्हा धुवा. चौथ्या वेळेस एकदाचा आत गेला. पायलट बाहेर आली ती परीक्षा पास झाल्यासारखी.

दुपारपर्यंत आनंद ओसरला. खाली सारखा दाब. दर अर्ध्या तासाला लघवीला लागल्यासारखं व्हायचं आणि जाऊन बसलं तर होत नव्हती. संध्याकाळी डागही दिसला. म्हणजे एवढं करून गळतंयच! चिडून तिने कप काढायला घेतला. खालची दांडी चिमटीत धरली आणि ओढली. तसूभर हलेना. जोर लावला. आतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अंगाला घाम सुटला. आता हॉस्पिटल, आता ऑपरेशन, आता साहेबांपुढे काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि तिने दाराबाहेर थांबलेल्या वन्संना हाक मारली.

“निघत नाही हो! अडकलाय!”

वन्संचेही धाबे दणाणले होते, पण आवाजात दाखवलं नाही. “ओढू नकोस. हात काढ आधी. श्वास घे.”

“अहो श्वास काय घेऊ!”

“घे म्हणते ना. आणि मला एक सांग, तुमच्याकडे ती काँक्रीटची बादली चिखलात रुतून बसली की काय करता?”

“हे काय विचारायची वेळ आहे?”

“सांग तू.”

मग पायलट सावकाश म्हणाली, “सरळ उपटायची नसते. चिखल खालून धरून ठेवतो. हूक लावून ओढली तर साखळी तुटते नाहीतर क्रेन हिसका खाते. मामा आधी कडेला पहार घालतात. कडेने हवा शिरली की चिखल सोडतो. मग उचलायची.”

“मग?”

मग काय! जी चूक तिने खाली एखाद्या नवख्या माणसाला करू दिली नसती, आणि केली असती तर वरून वॉकीटॉकीवर त्याचा उद्धार केला असता, तीच चूक ती स्वतःच्या अंगात करत बसली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती मागे पडली. ती उकिडवी बसली. पोटाने थोडं खाली लोटलं, कप जरा खाली आला. दांडी सोडून दिली आणि कपाचं बूड चिमटीत दाबलं. कडेने हवा शिरल्याचा बारीकसा आवाज आला. मग थोडा इकडे, थोडा तिकडे करत कप अलगद बाहेर आला. न्हाणीघरातून हसण्याचा आवाज यायला लागला तेव्हा कुठे वन्संच्या जिवात जीव आला आणि त्या दाराबाहेरच्या फरशीवर मटकन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या खो खो हसल्या. “मोठी बादली, कमी फेऱ्या! अहो, हे मी इतर पेशंटना सांगू का?” मग तपासलं. तिच्या गर्भाशयाचं तोंड बरंच खाली होतं. त्यामुळे लांब, मोठा कप पुढे दाबायचा, आणि तो कडक असल्यामुळे मूत्राशयावर टेकायचा. “आकार किती रक्त मावतं त्यावरून ठरवायचा नसतो, जागा किती आहे त्यावरून ठरवायचा. तुम्हाला बुटका आणि मऊ लागेल. दांडी टोचली तर थोडी कापा, पण कपाला कात्री लागू देऊ नका, आणि कापायची ती बाहेर काढून.” आणखी एक विचारलं, “तांबी बसवली आहे का?” नव्हती. “बसवली असती तर आधी मला विचारायला हवं होतं, कप ओढताना ती सरकू शकते.” बोटातलं रक्तही काढून बघितलं. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “दोन तासांत पॅड भरतं ते आपण औषधाने बघू. तासाला भरायला लागलं तर मात्र वाट न बघता या. कप जास्तीत जास्त बारा तास, तुमच्या त्या भरपूर दिवशी सहा-सात तासांनी रिकामा करा. कप आत असताना एकदम ताप भरला, उलट्या झाल्या, अंगावर पुरळ उठलं तर काढा आणि तडक इकडे.”

सहा वर्षं ज्या गोष्टीला ती पोट म्हणत होती, तिच्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच तिला नीट, सरळ प्रश्न विचारले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने हे वन्संना बोलूनही दाखवलं. “मला वाटायचं, हे असंच असतं. सोसायचं असतं.” वन्सं तिचा हात धरून चालत राहिल्या.

बुटका, मऊ कप आला. तो पहिल्याच दिवशी इतका निमूट बसला की पायलट दोनदा विसरून गेली. चौथ्या दिवशी पाळी संपली आणि वन्संनी कपाची जबाबदारी आपल्याकडे घेतली, कारण मालाची साठवण हा त्यांचा प्रांत. सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुतला, काठाखालची भोकं पाण्याखाली दाबून मोकळी केली, उकळला. उकळताना मात्र घोटाळा झाला. पातेलं होतं चहाचं. पायलटचा नवरा कामावरून आला, गॅसवर पाणी खळखळताना बघून त्याने खूश होऊन त्यात साखर टाकली आणि मग झाकण लावायला वाकला.

“हे काय पोहतंय यात?”

“तुझ्या बायकोची नोकरी,” वन्सं म्हणाल्या. “ते पाणी ओत आणि उद्या मला एक वेगळं पातेलं आणून दे.”

बिचारा दुसऱ्या दिवशी दोन पातेली घेऊन आला. न जाणो, असावं म्हणून.

कप पुन्हा धुऊन उकळून झाला आणि वन्संनी तो कारखान्यातल्या शिस्तीने बंद केला. हवाबंद पिशवी, वर चिकटपट्टी, त्यावर तारीख. त्यांच्याकडे पाठवणीचा माल असाच जातो, धुळीचा कण शिरत नाही. पंधरा दिवसांनी सहज बघायला पिशवी उघडली तर कोंदट वास. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरलेले. वन्संचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांची तपासनीस आणि आपल्याच घरचा माल खराब केला! पायलटने माहितीपत्रक काढून मोठ्याने वाचलं: पूर्ण कोरडा करून, हवा लागेल अशा सुती पिशवीत ठेवावा. “वन्सं, रिंग एकदा कुकरला लागली की लागली. हा दर महिन्याला भिजतो आणि दर महिन्याला वाळायला हवा.” मग दोघींनी तो उजेडात धरून बघितला. चीर नाही, चिकटपणा नाही, पांढरे डाग नाहीत. धुतला, उकळला, खिडकीशी स्वच्छ कापडावर पुरता वाळवला. वन्संनी जुन्या चादरीची नाडीची पिशवी शिवली आणि झालेल्या अपमानाची भरपाई म्हणून तिच्यावर भरतकामही केलं.

एकवीस तारखेला पाळी आली. बावीसला पहाटे पायलट नेहमीपेक्षा लवकर आली, साइटसमोरच्या एका ओळखीच्या बाईच्या घरी तिने हात धुऊन कप रिकामा केला, पुन्हा बसवला, भोवती बोट फिरवून नीट उघडल्याची खात्री केली, खबरदारी म्हणून पातळसं पॅडही लावलं. आणि निघाली. शिडीपाशी दुसरा ऑपरेटर उभा होता. साहेबांनी त्याला बोलावून ठेवलं होतं, न जमलं तर असावा म्हणून. तो तिला बघून हसला, तीही हसली, पण आतून जळफळली.

सहाला पहिली बादली उठली. बादली वर, फिरवणं, खाली, “थांब पायलट, थांब, हं, सोड,” मामांचा आवाज, काँक्रीट ओतलं, बादली परत. चार मिनिटांत एक फेरी. आठ वाजले. एरवी या वेळेला तिने रजेचा फोन करून अंथरुणात पाय पोटाशी घेतलेले असायचे. नऊ वाजले. दर थोड्या वेळाने तिचं लक्ष खाली जात होतं, काही ओलं लागतंय का. काही नाही. साडेनऊला तिने तपासणं सोडून दिलं. दहाला मामांनी सांगितलं की काँक्रीटच्या गाड्या वाटेत अडकल्यात, उशीर होणार, कदाचित तासभर जास्त लागेल.

तिने हिशोब केला. पहाटे साडेपाचला रिकामा केलाय. काम संपायला साडेबारा. सात तास, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर. गाड्या येईपर्यंत वीस मिनिटं ती दांड्यांवर हात ठेवून बसली होती आणि खाली तो दुसरा ऑपरेटर शिडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला होता.

“पायलट, उतरतेस का? हा येतो वर,” मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती, टोमणा नव्हता.

तिने एक खोल श्वास घेतला. दुखत नव्हतं. गळत नव्हतं. हात स्थिर होते. “नाही मामा. गाडी आली की बादली लावा.”

शेवटची बादली बारा वाजून चाळीस मिनिटांनी रिकामी झाली. स्लॅब अखंड भरला. खाली गवंड्यांनी थापी हलवून तिला सलाम केला, तो तिने काचेतून बघितला आणि तिचे डोळे भरून आले. ती उतरली, समोरच्या त्याच बाईच्या घरी जाऊन कप रिकामा करून आली. कप भरायला अजून अर्धं बोट बाकी होतं.

परत येते तर साहेब शेडमध्ये उभे. हातात तिच्या कामाची फाइल. चेहरा खुललेला. “शाब्बास पायलटबाई! आज पोटाने साथ दिली म्हणायची!”

उत्तर जिभेवर तयार होतं. हो साहेब, आज बरं होतं. सहा वर्षांची सवय. पण सात तास तिथे वर बसून आल्यावर ते तिच्याने बोलवेना.

“साहेब, माझ्या पोटाला सहा वर्षांत कधी काही झालं नाही. पाळी यायची. आजही आहे. दुसरा दिवस आहे.”

मामा खाली बुटांकडे बघायला लागले. साहेबांनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ते सिमेंटच्या पोत्यावर बसले.

“बाई, हे आधी का नाही सांगितलंत?”

“कसं सांगणार होते?”

“नदीपलीकडच्या साइटवर ऐंशी मीटरची क्रेन आहे. तीनदा माणूस मागितला त्यांनी. तीनदा तुमचं नाव माझ्या डोक्यात पहिलं आलं.” त्यांनी फाइलमधला कागद पुढे केला. “आणि तीनदा हे वाचून मी ते मागे घेतलं. ‘पोटाचे वारंवार विकार, प्रकृती नाजूक.’ मीच लिहिलंय. आजारी माणसाला तेवढ्या उंचीवर कसं पाठवणार?”

पायलटने ती ओळ वाचली. तीनदा. तिला वाटायचं बाई म्हणून विचारत नाहीत, आणि ती गप्प बसायची. तिला साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि खुर्ची पुसत बसलेल्या त्या पहिल्या वर्षातल्या पोरीची फार कीव आली. तिने डोळे पुसले आणि कागदावर बोट ठेवलं.

“हे खोडा. खरं लिहा.”

“काय लिहू?” साहेब कावरेबावरे झाले.

“पाळी लिहा. दोनच अक्षरं आहेत.”

साहेबांनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, “लिहा की. माझ्या घरात तीन मुली आहेत, मी कधी मेलो नाही ऐकून.”

साहेबांनी जुन्या ओळीवर काट मारली आणि शेजारी ती दोन अक्षरं लिहिली. लिहिताना त्यांचे कान लालबुंद झाले होते. पायलटने कागद हातात घेतला, अक्षर नीट आहे का ते बघितलं आणि त्यांना परत दिला.

“आता पाठवा माझं नाव,” ती म्हणाली.